तीनशे दहा ओळी

पिवळी पट्टी पहिल्यांदा दिसली तेव्हा तूबाला वाटलं, टॅबलेटच्या काचेवर लोकरीचं तूस चिकटलंय. तिने ओढणीच्या टोकाने काच पुसली. पट्टी गेली नाही. मग कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून तिने वाचलं: 'हे ॲप ज्या दुकानातून घेतलंत त्या दुकानाशी संपर्क होत नाही. नऊ दिवस शिल्लक.'

"शमसी, हे बघ काय म्हणतंय."

शमसी ही तिची नणंद. मागापुढच्या फळीवर तिच्या डाव्या हाताला बसली होती. "कोण? तेहरानवाली?"

टॅबलेटमधून ओळ वाचून दाखवणाऱ्या आवाजाला त्या दोघी तेहरानवाली म्हणत. 'दोन डाळिंबी, एक मलई, तीन उंटी' असं ती बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत न थकता सांगायची आणि या दोघी गाठी मारायच्या. ती ना पाणी प्यायची ना कुणाची चुगली करायची, म्हणून शमसीला ती आवडत नसे.

"नऊ दिवसांनी बोलणार नाही म्हणते."

"रुसली असेल. कालच मी तिला म्हटलं, बाई, जरा दम खा."

तूबा हसली नाही. मागावर तेव्हा एक हजार एकशे विसावी ओळ चालू होती. नक्ष्यात एकूण दोन हजार सहाशे ओळी होत्या. उरलेल्या सगळ्या त्या टॅबलेटमध्ये होत्या, आणि दुसरीकडे कुठेही नव्हत्या.

तो नक्षा तिच्या बापाचा. आरान गावात तो चाळीस वर्षं चौकटीच्या कागदावर रंग भरत बसला. त्याचे नक्षे काशानच्या व्यापाऱ्यांनी विणवले आणि विकले. ते सगळे नक्षे दुमडीचे: एक चतुर्थांश काढायचा, बाकीचा उलटून पालटून तोच विणायचा. फक्त हा एक त्याने घरासाठी काढला. त्यात कुठलीच वेल दुसऱ्यांदा येत नव्हती. खाली हौद, मधे पाच डाळिंबाची झाडं, आणि अगदी वर घराचं मातीचं छत. छतावर एक बाई डाळिंबाच्या साली वाळत घालतेय, आपल्याकडे पाठ करून. चार बोटं उंच. ती तूबाची आई. तूबा सहा वर्षांची असताना ती गेली, आणि तिचा एकही फोटो कुणी काढलेला नव्हता. बाप म्हणायचा, चेहरा मला जमला नसता, पाठ मात्र मला पक्की माहीत होती.

बापाची एक रीत होती. ज्या नक्ष्याचा दुसरा गालिचा होऊ द्यायचा नाही, तो गालिचा मागावरून उतरला की नक्षा हौदात बुडवायचा. पाण्यातले रंग पाण्यात जात. तूबाने तीच रीत पाळली. फक्त घाई केली. गालिचा उतरायच्या आधीच पाळली.

त्याला कारण होतं. तिच्या डोळ्यांना आता बारीक चौकटी दिसेनात, म्हणून गेल्या वर्षी तिने नक्षा टॅबलेटमध्ये घालून घ्यायचं ठरवलं. 'तीमचा' नावाचं ॲपचं दुकान होतं, त्यांनीच ते काम केलं. त्यांच्या काशानच्या कचेरीत तिने समोर बसून नक्षा चढवून घेतला आणि त्यांच्या संगणकातली प्रत समोर बसूनच पुसायला लावली. नक्षा घेऊन घरी आली, तर त्याच आठवड्यात नुसरती नावाचा बाजारातला व्यापारी लोकर दाखवायच्या निमित्ताने आला, आणि ती चहा आणायला आत गेली तेवढ्यात भिंतीला टेकवलेल्या नक्ष्यासमोर फोन धरून उभा राहिला. तिने हटकलं. तो म्हणाला, वेळ बघत होतो. तो गेल्यावर तिने नक्षा उचलला आणि हौदात सोडला. आपण फार शहाणपणा केला असं तिला त्या दिवशी वाटलं होतं.

*

रहमत आगाचं फोनचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. टॅबलेट त्यानेच विकलेला. त्याने पट्टी वाचली, तीमचाला फोन लावला, वाजलासुद्धा नाही.

"दुकान बसलं," तो म्हणाला. "भागीदार भांडले म्हणे. एक तुर्कस्तानात, एक कोर्टात."

"मग दुसरीकडून घ्या. पैसे परत भरते."

"बाहेरच्या मोठ्या दुकानात आपलं कार्ड चालत नाही, तूबा खानम. पण 'सराय' म्हणून इथलंच दुसरं ॲपचं दुकान आहे, त्यावर आहे बघा." त्याने आपल्या फोनवर दाखवलं. तेच नाव, चिन्हातलं तेच लाल फूल. "हेच ते. हे वरून टाकू, झालं."

त्याने टॅबलेटवर ते टाकायला घेतलं. टॅबलेटने क्षणभर विचार केला आणि सांगितलं: या नावाचं ॲप आधीच आहे, त्याचा शिक्का वेगळा आहे, आधीचं काढून टाका. खाली 'काढून टाका' असं मोठ्या अक्षरांत. रहमतचा अंगठा तिकडे निघाला आणि तूबाने त्याचं मनगट धरलं. परपुरुषाचं मनगट तिने आयुष्यात पहिल्यांदा धरलं असेल.

"काढलं की आतलं?"

"आतलं पण जातं." त्याने हात हळूच मागे घेतला. "सासर बदलायचं तर माहेरचं काही न्यायचं नाही, असा यांचा कायदा."

"ही कसली माणसं."

"माणसं कुठे आहेत यात, तेच तर."

त्याने तारीख मागे करून पाहिली. टॅबलेट म्हणाला, आधी घड्याळ दुरुस्त करा. मग त्याने कुठून तरी ॲप बनवणाऱ्या मुलीचा नंबर मिळवला. ती इस्फहानची होती, आवाजावरून पंचविशीची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"खालाजान, मी ते तीमचाला दिलं तेव्हा शिक्का त्यांनीच मारला. शिक्का त्यांच्याकडेच राहिला. सरायसाठी मी नवा मारून घेतला. म्हणून तुमच्या यंत्राला ही दोन वेगळी वाटतात."

"पण बनवलंस तूच ना?"

"बनवलं मीच. पण तुमच्या हातातलं माझं ऐकत नाही. ते त्यांचं ऐकतं. महिन्यातून एकदा त्यांना विचारतं, चालू का? आता सांगणारं कुणी नाही."

"नक्षा तेवढा बाहेर काढून दे."

"तो कुलपात आहे. कुलूपही त्यांच्याच शिक्क्याने उघडतं. तसाच उचलून बाहेर आणला तर दगड." मग तिने विचारलं, "तुम्ही कागद जपून ठेवला असेल ना?"

दुकानाच्या दारात उन्हाची पट्टी पडली होती, तिकडे तूबाने पाहिलं. पडद्यावर एका वेळी सोळाच गाठी दिसत. एका ओळीत आठशे. फोटो काढत बसायचं तर आयुष्य पुरलं नसतं. मग ती म्हणाली, "ती बाई जे बोलते, ते तर कुलपात नाही ना?"

"नाही," मुलगी म्हणाली. "ते नाही."

*

विणकाम थांबवलं. आवाज टिपायला शमसीचा फोन टॅबलेटला टेकवून ठेवला आणि तेहरानवालीला वाचू दिलं. एक ओळ संपायला दहा मिनिटं लागत. संपली की 'झाली' हे बटण दाबायचं, तेव्हाच ती पुढची ओळ उघडे. न दाबता ती जागची हलत नसे, आणि तिला घाई करता येत नसे. तासाला सहा ओळी. शमसीने टरबुजाच्या सालीवर नखाने हिशेब केला आणि साल कोंबड्यांना टाकून दिली.

"वहिनी, रात्रंदिवस बसलो तरी पावणेदोनशेच्या वर ओळी उरतात."

"मग उरू दे. बसू तरी."

"पावणेदोनशेत काय काय आहे?"

काय आहे ते शमसीलाही माहीत होतं. गालिचा खालून वर विणला जातो. बापाने वर जे काढलं ते शेवटच्या ओळींमध्ये होतं.

दोघींनी पाळ्या लावल्या. एक झोपे, दुसरी बटण दाबे. बोलायचं नाही, कारण बोललेलं फोनमध्ये उतरे. कांदा चिरायचा तर अंगणात जाऊन चिरायचा. तूबाचा नवरा बंदर अब्बासच्या वाटेवर ट्रक चालवायचा, तिसऱ्या दिवशी घरी आला तो दारातच हाकारत, "अरे कुणी जिवंत आहे का घरात?" ते वाक्य एक हजार चारशे सदतिसाव्या ओळीत कायमचं बसलं. शमसीने ओठांवर बोट ठेवून त्याला दहीकाकडीचं वाडगं दिलं आणि कोंबड्यांत नेऊन बसवलं.

"किती दिवस असं मुक्यासारखं जेवायचं?" त्याने कुजबुजत विचारलं.

"तेहरानवालीला विचार. घर आता तिचं आहे."

मुर्दाद महिना होता, ऐन उन्हाळ्याचा. रोज दुपारी दोन तास वीज जाई. टॅबलेटची बॅटरी केव्हाच मेलेली. रहमतने चार्जिंगची डबी दिली होती, पण वीज गेली की कूलर बंद, खोलीची भट्टी, आणि टॅबलेट 'मी तापलोय' म्हणून डोळे मिटून घ्यायचा. त्या ताटाने वारा घालत. ओल्या फडक्यावर ठेवत. दोन तास गेले की बारा ओळी गेल्या. असं नऊ दिवस.

तूबाला एक विचित्र सवय लागली. ओळ ऐकता ऐकता ती मनात गाठी मारत जाई, आणि चित्र डोळ्यांसमोर उभं राही: आता पहिल्या झाडाचं खोड, आता दुसऱ्यावरचं फुटलेलं डाळिंब. तरण्या वयात ती अशीच बापाच्या तोंडून ओळी ऐकत विणायची. पण तेव्हा ओळ चुकली तर बापाला विचारता येई. ही बाई फक्त सांगायची. तिला 'थांब' म्हटलेलं कळत नव्हतं, आणि 'लवकर' म्हटलेलंही.

दहाव्या दिवशी सकाळी दोन हजार दोनशे नव्वदावी ओळ संपली. शमसीने बटण दाबलं. बाई म्हणाली, "तीन मलई, एक..."

आणि पुढे काही नाही. पिवळी पट्टी लाल झाली होती. 'ज्या दुकानातून घेतलंत त्या दुकानाशी संपर्क साधा.'

शमसीने आणखी दोनदा बटण दाबलं. मग ती उठली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने म्हणाली, "एक काय, सटवे?"

*

तीनशे दहा ओळी राहिल्या होत्या. टिपलेल्या ओळींत झाडं खांद्यापर्यंत आली होती. शेंडे नव्हते, छत नव्हतं, आई नव्हती.

नुसरतीचं नाव दोघींपैकी आधी कुणी काढलं ते नंतर कुणालाच आठवेना. त्या दिवशी त्याने फोन जिथे धरला होता तो नक्ष्याचा वरचा भाग होता. खालचा भाग लोकरीच्या पेट्यांमागे झाकलेला होता, हे तूबाला पक्कं आठवत होतं.

"जा," शमसी म्हणाली. "चोराकडेच जायचं तर लाज त्याला वाटू दे."

काशानच्या बाजारात नुसरतीचा गाळा घुमटाखाली होता. तो उठून उभा राहिला, गालिच्यांच्या थप्पीवर तिला बसवलं, चहा मागवला, खडीसाखरेची वाटी पुढे केली. तिच्या बापाबद्दल चार चांगले शब्द बोलला. ते खरेही होते. मग तिने विचारलं, तर त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"आहे ना फोटो. लपवू कशाला? एकट्या डोक्याचं मी काय करणार होतो? माझ्याकडे डोकं, तुमच्याकडे धड."

"बघू दे."

त्याने फोन तिच्या हातात दिला. तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. चौकटी स्पष्ट होत्या. बापाने पुसून पुन्हा भरलेला एक रंगसुद्धा दिसत होता. छताची मातीची भिंत तिला आठवत होती त्याहून रुंद निघाली. चादरीवर लाल साली. आणि आई, वाकलेली, कमरेला ओढणी खोचलेली. तूबाला आता आठवलं की बापाने तिच्या पायात जोडा काढला नव्हता. अनवाणी होती. हे ती विसरलीच होती.

नुसरतीने फोन हळूच परत घेतला.

"तुम्ही तुमचा बाकीचा भाग आणा. आवाजात आहे म्हणता ना, चालेल. माझी पोरं कागदावर उतरवतील. दोन्ही जोडू. तुम्हाला वरच्या ओळी मिळतील, तुमचा गालिचा पुरा होईल. मी त्यातलं काही मागत नाही. तुमचा गालिचा तुमचाच."

"आणि तुम्हाला काय?"

"मला चाळीस विणायचेत. बाहेर बागा आवडतात लोकांना."

"ही बाई नको. तिला काढून विणा."

"खानम, बागा काय, शंभर आहेत बाजारात. ही पाठमोरी आहे म्हणून तर हा नक्षा आहे."

"लोक चालतील तिच्यावर."

"गालिचा आहे," नुसरती म्हणाला. तो काही दुष्टपणाने बोलला नाही. "लोक चालणारच."

तूबाने चहा पुरा प्यायला, कारण टाकणं वाईट दिसलं असतं. "कळवते," म्हणाली. जाताना त्याने दारापर्यंत येऊन निरोप दिला आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे गाळा तिचाच आहे असं दोनदा सांगितलं.

आरानच्या सामाईक टॅक्सीत ती खिडकीशी बसली. नाही म्हणावं तर आई त्या फोनमध्ये, एका परक्या माणसाच्या खिशात. हो म्हणावं तर आई चाळीस घरांत जमिनीवर. तिसरं काही सुचत नव्हतं. टॅक्सीवाला कुणाशी तरी फोनवर कांद्याच्या भावाबद्दल भांडत होता, आणि ती मनात सारखं तेच वाक्य म्हणत होती: तीन मलई, एक.

शमसी फाटकातच उभी होती. "मिळाला?"

शमसी हो म्हणाली असती. तिला गालिचा पुरा झालेला पाहायचा होता. तिचेही हात त्यात अर्धे होते. आणि शमसीने एकदा हो म्हटलं असतं, तर तूबाला नाही म्हणणं जमलं नसतं.

"नव्हता," तूबा म्हणाली. "केव्हाच पुसून टाकला म्हणे."

*

शरदातल्या आबान महिन्यात, बाजारात डाळिंबं आली तेव्हा, शमसीच्या फोनमधल्या ओळी संपल्या. त्या दिवसांत दोघी फारसं बोलत नव्हत्या. तेहरानवालीचा आवाज फोनमधून बारीक येई, मधे नवऱ्याचं ते वाक्य आलं तेव्हा शमसी हसली, आणि नंतर तेही नाही.

शेवटची ओळ ठोकून बसवली, दात्यांचा पंजा खाली ठेवला. वर नुसता ताणा उरला होता, पांढरा, उभा.

"तीन बोटं आकाश तरी घालू," शमसी म्हणाली. "निळं काय, कुणालाही घालता येतं. झाडं गुदमरल्यासारखी दिसतायत."

तूबाने निळा धागा घेतला. सात गाठी मारल्या. तिथे आकाश नव्हतं. तिथे मातीची भिंत होती, उंटी रंगाची, तिच्या आठवणीपेक्षा रुंद. हे तिला एकटीलाच माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. भिंत घालावी तर तिची ओळ माहीत नाही. चौदाव्या वर्षापासून तिने न सांगितलेली गाठ कधी मारली नव्हती. तिने सुरीच्या टोकाने सातही गाठी उकलल्या.

"काय झालं?"

"इथेच किनार लावू."

"अर्ध्यात?"

"अर्ध्यात."

शमसीने निळा गुंडा उचलून बाजूला ठेवला. "लोक विचारतील, शेंडे कुठे गेले."

"विचारू देत."

किनार तळाला विणलेली होती. ती उलटी वाचली की वरची होते. पण तळ केव्हाच मागाच्या खालच्या आडव्या लाटेवर गुंडाळला गेला होता. दोघींनी पाचरी सैल केल्या, गालिचा ढिला केला, आणि शमसी दिवा घेऊन मागाच्या मागे गेली. पाठीमागून गाठी जास्त स्वच्छ दिसतात. ताण्याच्या दोऱ्यांमधून तूबाला तिचे डोळे आणि कपाळ तेवढं दिसत होतं.

"वहिनी."

"हं."

"नुसरतीकडे खरंच नव्हता?"

तूबाने डाळिंबी धागा बोटाला गुंडाळला.

"तू ओळ सांग," ती म्हणाली.

शमसीने दिवा जवळ घेतला आणि मोजायला सुरुवात केली. "चार डाळिंबी. एक मलई. चार डाळिंबी."